पोटखराब्याचं पोर्ट्रेट

पुण्यातल्या कॅमेरावाल्या मंडळींची वीकएंडची दिशा ठरलेली आहे. पश्चिम! ताम्हिणी, लोणावळा, माळशेज, आणि सुट्टी जोडून आली तर कास. धुकं, हिरवळ, धबधबा आणि धबधब्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलेला एक मित्र. सोमवारी ऑफिसात सगळे एकमेकांना फोटो दाखवतात आणि गंमत म्हणजे कुणाचा फोटो कुठला, ते कुणालाच ओळखता येत नाही.

सोलापूर रोडला आपण लागतो ते फक्त भिगवणसाठी. सकाळी फ्लेमिंगो, दुपारी मासे, संध्याकाळी घरी. त्या रस्त्याच्या आजूबाजूला, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पसरलेला माळ आपण गाडीच्या काचेतूनच बघतो आणि म्हणतो, 'इकडे काहीच नाही यार!'

तर मंडळी, या वेळचा बेत ते 'काहीच नाही' बघायला जायचा आहे. पुण्यापासून बारामती साधारण शंभर किलोमीटर, इंदापूर त्यापुढे तासाभरावर. पहाटे निघालात तर ऊन कोवळं असतानाच पोचाल.

सातबाऱ्यावर एक भन्नाट शब्द असतो, पोटखराबा. शेताच्या पोटातला, लागवडीला न चालणारा तुकडा. खडक, ओढा, मुरमाड टेकाड, सगळं या एका शब्दात कोंबलेलं. सरकारदरबारी ही जमीन म्हणजे कायम नापास होणारं पोरगं. पण कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उकिडवं बसलं की कळतं, अख्ख्या वर्गात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट हिच्याकडेच आहे.

आधी जिना बघा

आपण राहतो त्या दगडाला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. हे नाव कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1833 साली वापरात आणलं. ट्रॅप म्हणजे इथे सापळा वगैरे काही नाही. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ आहे जिना. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. गार झाला. मग पुन्हा वाहिला, पुन्हा गार झाला. असं शेकडो वेळा! आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हे थरावर थर पसरलेले आहेत.

आता जिन्याचा फंडा असा. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो आणि वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला. पाव भाजताना वरच्या बाजूला जाळी पडते ना, तसा. पोकळ भाग ऊन-पावसाने लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. घट्ट भाग ताठ उभा राहतो, त्याची भिंत होते. उतार, भिंत, उतार, भिंत... झाला जिना तयार.

सह्याद्रीत हा जिना हजार-दीड हजार मीटर उंच आहे. कळसूबाईच 1,646 मीटर. पण तिथे अर्धं वर्ष त्याच्यावर धुकं आणि हिरवळ पांघरलेली असते. बारामती-इंदापूरकडे येईपर्यंत सह्याद्रीने ढगांचे खिसे रिकामे केलेले असतात. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. लोणावळ्यात एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो, तेवढा इथे वर्षभरात! म्हणून इथला जिना बुटका असला, एक-दोन पायऱ्यांचा असला, तरी उघडा आहे. दगडाला कपडेच नाहीत म्हणा ना. फोटोग्राफरला आणखी काय हवं?

बघायचं कुठे? पाटसकडून बारामतीला जाताना रोटी घाट लागतो. तुकोबांची पालखी चढवताना जादा बैलजोड्या लावतात, तोच हा घाट. पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करायचं काम निघालं, त्याचं भूमिपूजन 2021 मध्ये झालं. असा रस्ता जिथे जिथे चढ कापून जातो, तिथे खडकाची कापलेली बाजू बघा. मध्येच विटकरी-तांबड्या रंगाची एक पट्टी दिसली तर थांबाच. दोन लाव्हांच्या मधल्या सुट्टीत जो पृष्ठभाग उघडा पडला आणि कुजून-झिजून माती झाला, तो हा थर. पुढचा लाव्हा त्याच्यावर येऊन बसला. काळ्या दगडातली ही लाल रेघ म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली लंच ब्रेक! फक्त ती किती हजार वर्षांची, एवढाच काय तो फरक.

विहिरीत डोकावून

पण थर बघायची सगळ्यात सही जागा कुठली विचाराल तर मी सांगेन, विहीर. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी अशीच एका बिनबांधीव विहिरीच्या काठाशी पालथी पडून फोटो काढत होते. मागून आवाज आला, "ओ ताई, हिरीत काय पडलंय का?"

काही पडलेलं नाही, भिंतीचा फोटो काढतेय म्हटल्यावर बाबा माझ्या शेजारीच उकिडवे बसले. वय सत्तरीच्या पुढचं, विहीर त्यांच्या तरुणपणी खणलेली. मग त्यांनी हातातल्या काठीने मला ती भिंत वाचून दाखवली. "ही वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग ह्यो मांजऱ्या, कुदळीला ऐकतो. आन् मग पाषाण. पाषाणाला सुरुंगच लागतो बगा." पाणी कुठे लागलं म्हणून विचारलं, तर काठी बरोब्बर दोन थरांच्या मधल्या फटीवर टेकली. "पाणी दगडात नसतंय. जोडात असतंय."

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हेच दोन पानांत लिहिलेलं असतं. घट्ट बेसॉल्टमधून पाणी मुरत नाही. ते भेगांतून, पोकळ थरांतून आणि दोन प्रवाहांच्या सांध्यांतून चालतं. तेव्हा थर बघणं हा नुसता 'नेचर हॉबी'चा मामला नाही. या भागात घरात पाणी येणार की टँकरची वाट बघायची, हे तो जोड ठरवतो.

विहिरीसाठी एक टीप. भर दुपार म्हणजे फोटोग्राफीचा शत्रू, असं आपल्याला शिकवलेलं असतं. इथे उलटं आहे! विहिरीत ऊन उतरतं तेच बारा-साडेबाराला. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे ते उत्तरेकडच्या भिंतीवर तिरपं पडतं. थरांचा प्रत्येक कंगोरा उठून दिसतो. अट एकच, मालकाला विचारल्याशिवाय काठावर जायचं नाही. काठाचा मुरूम सुटा असतो, तो तुमच्या डीएसएलआरची किंमत बघत नाही.

काळ्याला काळंच राहू द्या

बेसॉल्टचा फोटो काढताना सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं असतं. डोळ्याला दिसणारा काळाभोर दगड फोटोत राखाडी, धुरकट येतो. कारण सोपं आहे. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं कॅमेरा धरून चालतो. समोर काळा दगड आला की त्याला वाटतं, अंधार आहे, आणि तो बिचारा फोटो उजळ करायला जातो. म्हणून एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये न्या, अर्धा-पाऊण स्टॉप. मोबाइलवर असाल तर दगडावर बोट टेकवा आणि बाजूला येणारा सूर्य खाली ओढा. दगड पुन्हा दगड होतो.

दुसरं म्हणजे उजेडाची दिशा. समोरून ऊन पडलेला थर सपाट दिसतो. तेच ऊन भिंतीला घासून जाऊ लागलं की प्रत्येक थराची सावली पडते. पहाट आणि संध्याकाळ त्यासाठीच. आणि तिसरं, मोजमाप. फोटोत नुसता दगड असेल तर तो दहा फुटांचा की दहा इंचांचा, कुणाला कळणार? एखादं नाणं, पाण्याची बाटली, नाहीतर तोच हात पसरणारा मित्र उभा करा. निदान त्याचा काही उपयोग होईल.

बारामती तालुक्यातच आणखी एक थर आहे, आणि तो इथला नाहीच! मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. तिथल्या कऱ्हा नदीच्या काठावरच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठीही अशीच राख आहे. दोन्ही ठिकाणी राखेच्या सोबतीने आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. म्हणून तिचं वय महत्त्वाचं आणि म्हणूनच त्यावरून अभ्यासकांत जोरदार वाद. काहींच्या मते ती सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली, तर काहींच्या मते सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या स्फोटातली. अष्टविनायकाची यात्रा जिथून सुरू होते त्या गावाच्या नदीत समुद्रापलीकडून आलेली राख! नदीकाठी असा फिकट पट्टा दिसला तर फोटो जरूर घ्या, पण बोटाने उकरू नका. त्या थराचं उत्तर अजून निघायचं आहे.

नाइट शिफ्टवाली झाडं

आता नजर दगडावरून दगडाच्या फटीत. बारामती म्हणजे काही वाळवंट नाही. पण मुरमावर पाणी टिकत नाही, त्यामुळे फटीत उगवणाऱ्याला वाळवंटाचेच नियम लागू. पाने कमी, खोड जाड, अंगावर काटे. यातल्या काहींनी तर सरळ नाइट शिफ्ट पत्करली आहे. दिवसा सगळी छिद्रं बंद, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री गार झालं की छिद्रं उघडायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, साठवायचा, आणि दिवसा उन्हात त्याचं अन्न करायचं. कॉल सेंटरच्या कितीतरी आधीपासून चालू आहे हे!

या शिफ्टमधली माझी लाडकी म्हणजे माकडशिंग. बोटाएवढ्या जाडीचे, वर निमुळते होत गेलेले मांसल दांडे, जेमतेम वीतभर. वरून बघाल तर दिसणारच नाही. पावसाळा सरता सरता तिला जांभळट-तपकिरी, चांदणीसारखी फुलं येतात. वास मात्र अत्तराचा नाही, कारण बोलवायचं असतं माशांना. गुराखी पोरं ती कच्चीच खातात, काही घरांत भाजीही होते. आणि आता ऐका. तुमच्या जिमच्या काउंटरवर वजन घटवायच्या गोळ्यांचा डबा असेल तर त्यामागची बारीक अक्षरं वाचा. 'कॅरालुमा फिम्ब्रिएटा' असं नाव दिसलं, तर ती आपली माकडशिंगच. तिने वजन उतरतं याचा भक्कम पुरावा नाही, माळावरून ती उपटली जाते हे मात्र खरं.

निवडुंगाची तर वेगळीच कथा. आपण काटेरी दिसेल त्याला निवडुंग म्हणतो, पण त्यात दोन खानदानं आहेत. फड्या निवडुंग, म्हणजे तळहाताएवढे चपटे फडे एकावर एक रचलेला, हा खरा कॅक्टस आणि खरा परदेशी, मूळचा अमेरिका खंडातला. आपला त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया कुळातला. त्याला जखम झाली की पांढरा चीक येतो, कॅक्टसला येत नाही. (मोडून बघू नका. चीक डोळ्यात गेला तर वीकएंड डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईल.) दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पाण्याची टंचाई सारखी, म्हणून उपायही सारखा. दोघांना एका फ्रेममध्ये आणा, मस्त जोडी दिसते.

फड्यावर कधी कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. तो कोचिनील किडा, चिरडला की गडद किरमिजी रंग देणारा. या रंगाच्या लोभाने इंग्रजांनी 1795 मध्ये परदेशातून तो किडा भारतात आणला, पण आला भलताच वाण. रंग मिळाला नाही, किड्याने निवडुंगच फस्त केला! पुढे 1926 मध्ये माजलेला फड्या आटोक्यात आणायला श्रीलंकेतून दुसरा वाण मुद्दाम आणला गेला. मॅक्रो लेन्स असेल तर हा विषय सोडू नका.

आणि तुमच्या मॉलमधलं ड्रॅगन फ्रूट? तोही कॅक्टसच. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला केंद्राची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, 2009 मध्ये सुरू झालेली. दुष्काळ, उष्णता, खडकाळ जमीन अशा संकटांतल्या शेतीचा अभ्यास तिथे होतो. ड्रॅगन फ्रूट मुरमाड, उथळ जमिनीत कसं येतं याचे प्रयोगही तिथे झाले. म्हणजे कालचा पोटखराबा आज शंभराच्या नोटेला चिकटला! त्याचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. ओळखीचा शेतकरी असेल तर टॉर्च आणि ट्रायपॉड घेऊन जा. नाइट शिफ्ट आहे, आधीच सांगितलं.

फ्रेम तीच, टेकाड गायब

इथपर्यंत सगळं वीकएंड-वीकएंड चाललं होतं. आता जरा सीरियस.

बारामती तालुक्यातल्या एका टेकाडाचा फोटो मी सलग तीन वर्षं एकाच जागेवरून काढला. पहिल्या वर्षी दोन पायऱ्या, वर एक हिवराचं झाड, खाली कुसळी गवत. दुसऱ्या वर्षी पोकलेन येऊन गेलं होतं. उभा काप पडला होता आणि खरं सांगू? फोटो पहिल्यापेक्षा दसपट भारी आला. काळा थर, लाल पट्टी, पुन्हा काळा, त्यात चमकणारे पांढरे स्फटिक. तिसऱ्या वर्षी त्याच फ्रेममध्ये खड्डा आणि खड्ड्यात हिरवट पाणी.

हाच या विषयातला पेच आहे. थर दिसतात ते कापामुळे, आणि ज्या कापाने ते दिसतात तोच त्यांना खाऊन टाकतो. वाघोलीच्या खाणींतून निघालेलं कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज जगभरातल्या संग्रहांत मानाने बसलं आहे. खाण नसती तर ते कुणाला दिसलंच नसतं. खडी कुठे जाते हे शोधायला लागलं, तर पहिला पत्ता आपल्याच सोसायटीच्या स्लॅबचा निघतो, दुसरा त्या गुळगुळीत हायवेचा. तेव्हा 'खाणी बंद करा' असं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. पण कुठलं टेकाड घ्यायचं आणि कुठलं ठेवायचं हे ठरवताना कुणीतरी त्याच्याकडे बघितलेलं तरी असावं. पोटखराबा म्हटलं की बघायचंच नाही, इथे घोळ आहे.

दुसरा धोका दिसायला गोड आहे. कंपनीचा टी-शर्ट, हातात रोप, 'ओसाड माळ हिरवा करू या'. माळरान हे काही जंगल व्हायचं राहून गेलेलं रान नाही. ते गवताचंच रान आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 साली जाहीर झालं ते चिंकारा हरणासाठी. त्याला मोकळा माळ लागतो, दाट झाडी नाही. लांडग्यालाही तेच. इंदापूरचं कडबनवाडी याच दोघांसाठी ओळखलं जातं. 2024 मध्ये पुणे वन विभागाने कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, म्हणजे सरकारलाही आता या 'काहीच नाही'मध्ये काहीतरी दिसू लागलंय. तेव्हा पुढच्या सीएसआर शनिवारी एचआरला एवढंच विचारा, खड्डे खणताय ती जागा आधी कुणाची होती?

आणि कॅमेरेवाल्यांनी काय करायचं? एक टेकाड निवडा. मैलाचा दगड, विजेचा खांब, काहीतरी कायमची खूण धरून उभे राहा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, तीच फ्रेम. तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवा. लाइक्स फारसे मिळणार नाहीत. पण उद्या 'इथे तर आधीपासून काहीच नव्हतं' असं कुणी म्हणालं, तर दाखवायला तुमच्याकडे फोटो असेल.

जाता जाता

● कधी जाल? थर बघायला पहिल्या पावसानंतर, ओल्या दगडात लाल पट्टी खुलते. माकडशिंगसाठी पावसाळ्याची अखेर. सोनेरी गवतासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

● सोबत काय? साधी लेन्स किंवा मोबाइल पुरे. चकाकी मारायला पोलरायझर, पालथं पडायला जुनी चटई, कुसळं काढायला चिमटा आणि दोन लिटर पाणी. सावली मिळेल ही आशा सोडा.

● काट्यांचा फोटो नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूने. प्रत्येक काट्याला चांदीची कड येते.

● चालू खाणीत शिरू नका, सुरुंग लागतात. अभयारण्यात आणि सफारीच्या भागात वन विभागाची परवानगी, बुकिंग आधी तपासा. गाडी गवतात घालू नका.

● दुर्मिळ झाड सापडलं तर फोटो सगळ्यांना दाखवा, नेमकी जागा कुणालाच सांगू नका.